रूढी आणि प्रयोजन : इंडोनेशियन रूपकांची इंग्रजी भाषांतरे

इंडोनेशियन भाषेत 'हाती' म्हणजे यकृत. मराठी वाचकाला हा शब्द हाताशी जोडण्याचा मोह होईल, म्हणून आधीच सांगितलेले बरे, की त्याचा हाताशी काही संबंध नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात या शब्दाचा अर्थ यकृत एवढाच असतो. हृदयासाठी 'जांतुंग' असा वेगळा शब्द आहे. परंतु माणूस दुखावला की त्याचे 'हाती' आजारी पडते, प्रेमभंग झाला की ते मोडते, नम्र माणसाचे 'हाती' सखल असते आणि गर्विष्ठाचे उंच. 'सावध राहा' असे सांगायचे झाल्यास हाच शब्द दोनदा उच्चारतात. या सर्व ठिकाणी इंग्रजी भाषांतरकार, जेथे जमेल तेथे, 'हार्ट' लिहितो आणि पुढे जातो. याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. एका संस्कृतीचे भावनाकेंद्र दुसऱ्या संस्कृतीच्या भावनाकेंद्राखाली गाडले गेले, असा तिचा सूर असतो. मला ही हळहळ चुकीच्या जागी खर्ची पडली आहे असे वाटते, आणि ते का वाटते हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

मराठीला हा प्रकार परका वाटू नये. आपला 'काळीज' हा शब्द संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत यापासून आला आहे, आणि खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर यकृतच मिळते. तरीही 'काळीज तुटले' असे लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्या मनात त्या क्षणी यकृत नसते. त्याच्या भाषांतरकाराने व्युत्पत्तीशी इमान राखून इंग्रजीत यकृत तोडले, तर आपण त्या इमानाला दाद देणार नाही, हसू. इंडोनेशियन वाचकाची अवस्थाही याहून वेगळी असण्याचे कारण नाही. पॉपी सिआहान यांनी इंग्रजी आणि इंडोनेशियन भाषांतील अवयवाधारित रूपकांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला आहे. तुझे हृदय मोडले की यकृत, असा मिस्कील प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला आहे. संकल्पनांच्या इतिहासासाठी हा प्रश्न मोलाचा आहे. परंतु कथेतील एखादे वाक्य समोर असलेल्या भाषांतरकाराचा प्रश्न तो नव्हे.

भाषांतरकाराची खरी अडचण 'माकान हाती' सारख्या प्रयोगात सुरू होते. शब्दशः अर्थ यकृत खाणे. आशय मात्र मनातल्या मनात कुढणे, बोलता न येणारा अपमान गिळत राहणे. इंग्रजीत नेमका असाच दिसणारा, हृदय खाऊन टाकण्याचा एक वाक्प्रचार आहे. पण त्याचा रोख झुरण्याकडे, प्रसंगी दुसऱ्याला हेव्याने खिजवण्याकडे आहे. मराठीत आपले मन आपल्याला खाते ते अपराधाच्या जाणिवेने. तीन भाषांत खाण्याची क्रिया एकच आणि खाल्ले जाणारे स्थानही जवळजवळ एकच. भावना मात्र तीन. येथे प्रतिमा जुळली म्हणून समाधान पावणारा भाषांतरकार फसतो, आणि प्रतिमा सोडून 'आतल्या आत कुढणे' असा सरळ अर्थ देणारा वाचतो. अवयव कोणता हा मुद्दा येथे दुय्यम ठरतो.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण साहित्याबाहेरचे, पण बोधक आहे. इंडोनेशियनमध्ये आणि तिची जननी असलेल्या मलय भाषेत सूर्याला 'माताहारी' म्हणतात. 'माता' म्हणजे डोळा आणि 'हारी' म्हणजे दिवस; तेव्हा सूर्य हा दिवसाचा डोळा. लष्करी अधिकारी असलेल्या नवऱ्याबरोबर काही वर्षे डच ईस्ट इंडीजमध्ये राहून आलेल्या मार्गारेटा झेले या डच स्त्रीने पॅरिसमध्ये १९०५ च्या सुमारास नर्तकी म्हणून हे नाव धारण केले. तेव्हापासून युरोपला तो 'दिवसाचा डोळा' फार काव्यमय वाटत आला आहे. जाकार्तात ऊन फार झाले म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाला मात्र त्यात डोळा दिसत नाही. त्याच्या भाषेत पाण्याच्या झऱ्यालाही पाण्याचा डोळा म्हणतात, घोट्याला पायाचा डोळा म्हणतात, चलनाला पैशाचा डोळा म्हणतात, आणि 'डोळा-डोळा' असे दोनदा म्हटले की हेर होतो. (हेरगिरीच्या आरोपावरून त्या नर्तकीला १९१७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. भाषेला कधीकधी असे क्रूर विनोद सुचतात.) इंडोनेशियन कादंबरीच्या इंग्रजी भाषांतरात दर सकाळी 'दिवसाचा डोळा' उगवू लागला, तर ते भाषांतर मूळ संहितेपेक्षा अधिक काव्यमय होईल, आणि त्याच प्रमाणात खोटेही होईल.

आपल्या साहित्यशास्त्राला हा भेद परिचित आहे. मम्मटाने लक्षणेचे रूढीवर आधारलेली आणि प्रयोजनावर आधारलेली असे दोन प्रकार मानले. गंगेवरचा गवळीवाडा हे दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण : काठ असे न म्हणता प्रवाहाचेच नाव घेतले, कारण शीतलता आणि पावित्र्य सुचवायचे होते. पहिल्या प्रकारासाठी त्याने 'कुशल' हा शब्द घेतला. मूळचा अर्थ दर्भ तोडून आणणारा, रूढ अर्थ निपुण. यावर विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त घेतलेला आक्षेप माझ्या दृष्टीने आजच्या भाषांतरचर्चेला अधिक उपयोगी आहे. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे, असे तो म्हणतो. 'कुशल' शब्द दर्भापासून घडला असेल. तो वापरला जातो निपुण या अर्थानेच, आणि तोच त्याचा मुख्यार्थ. तसे न मानले तर जाण्याच्या धातूपासून बनलेली 'गो' झोपली आहे असे म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल. 'माताहारी'चे 'दिवसाचा डोळा' करणारा भाषांतरकार नेमके हेच करतो. व्युत्पत्तिनिमित्ताला तो प्रवृत्तिनिमित्त समजतो आणि जेथे लक्षणा उरलेलीच नाही तेथे काव्य पाहतो.

पाश्चात्त्य भाषांतरमीमांसेत ही जाणीव नाही असे नव्हे. पीटर न्यूमार्क यांनी रूपकांची मृत, घासलेली, रूढ, परिवर्तित, नवी आणि स्वतंत्र अशी वर्गवारी केली, आणि भाषांतराच्या सात रीती क्रमवार सांगितल्या. प्रतिमा जशीच्या तशी नेणे, लक्ष्यभाषेतील रूढ प्रतिमा घेणे, रूपकाची उपमा करणे, नुसता अर्थ देणे, गाळणे इत्यादी. इंडोनेशियातील विद्यापीठांत साहित्यकृतींच्या इंग्रजी भाषांतरांचे अभ्यास होतात ते पुष्कळदा याच चौकटीत : एक कादंबरी घ्यायची, तिच्यातील रूपके वेचायची, आणि कोणती रीत किती वेळा वापरली गेली ते मोजायचे. असे प्रबंध आपल्याकडेही लिहिले जातात, तेव्हा त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांची उणीव मात्र स्पष्ट आहे. रूपक मृत की जिवंत हे त्यांत शब्दकोशाच्या आधारे ठरते. प्रत्यक्षात ते संहिता ठरवते. कोशात निपचित पडलेला शब्द एखादा कवी एका विशेषणाने जागा करतो. लेकॉफ आणि जॉन्सन यांच्या १९८० च्या ग्रंथानंतर तर उलट टोक गाठले गेले. दैनंदिन भाषेतील रूपके मेलेली नसतात, आपण त्यांच्याच आधारे विचार करतो, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे. पण त्याचा सरसकट अवलंब केला की 'हाती' मोडणाऱ्या प्रत्येक वाक्यात एक विश्वदृष्टी दिसू लागते, आणि कवीने केलेले आणि भाषेने आयते दिलेले यांतला फरकच पुसला जातो. साहित्याच्या भाषांतरकाराला तो फरक पुसून चालत नाही. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न 'प्रतिमा कोणती?' हा नसून 'या वाक्यात, या वाचकासाठी, ती किती जागी आहे?' हा आहे.

खैरिल अन्वर यांची 'आकू' ही कविता घेऊ. जपानी अमलाखालच्या जाकार्तात १९४३ मध्ये वीस वर्षांच्या कवीने ती लिहिली, आणि १९४९ मध्ये सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच तो मरण पावला. इंडोनेशियातील शाळकरी मुलालाही ही कविता ठाऊक असते. तिच्या केंद्रस्थानी स्वतःला कळपाबाहेर घातलेला पशू म्हणवून घेणारा 'मी' आहे. त्या पशूला लावलेले विशेषण 'जालांग'. इंग्रजीत त्यासाठी सहज सुचणारा आणि रूढ झालेला शब्द 'वाइल्ड'. अर्थ जवळपासचा आहे. रूपक मात्र त्याने सैल पडते. इंग्रजीतील हा शब्द अरण्याकडे नेतो, आणि रोमँटिक काव्याच्या परंपरेत अरण्य ही मुक्तीची जागा आहे. 'जालांग'चा संदर्भ अरण्याइतकाच दावणीचाही आहे : कोणी न पाळलेले, माणसाळवले न गेलेले जनावर, कोणाच्या मालकीत नसलेली म्हैस. आणि हाच शब्द स्त्रीला लावला की तो शिवी होतो. बदफैली, कोणाच्याही घरची नसलेली. तेव्हा 'जालांग' म्हणवून घेण्यात नुसता उमदेपणा नाही. सभ्य घराने, कुळाने, कळपाने ज्या शब्दाने हिणवावे तो शब्द उचलून अंगावर घेण्याची बेपर्वाई त्यात आहे. इंग्रजीत अन्वर प्रथम मोठ्या प्रमाणावर आणले ते बर्टन रॅफेल यांनी. त्यांनी केलेले समग्र काव्याचे आणि गद्याचे भाषांतर १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. रॅफेल स्वतः कवी होते आणि भाषांतरात कविता उभी राहिली पाहिजे हा त्यांचा आग्रह रास्त होता. पण इंग्रजीत कविता उभी राहिली ती बायरनच्या वंशातली. मूळ कवितेतला शिवीचा काटा तेथे बोथट झाला आहे.

मराठीजवळ येथे एक नामी शब्द आहे : 'मोकाट'. गुरेही मोकाट असतात आणि लोकनिंदेच्या भाषेत माणूस किंवा बाईही मोकाट सुटते. इंग्रजीला न साधलेली दुहेरी वीण त्यात आयती आहे, फक्त हिंस्रपणा कमी पडतो. मराठी भाषांतरकार इंग्रजीवरून भाषांतर करील तर त्याला हा शब्द सुचणारच नाही. तो 'वाइल्ड'वरून 'रानटी' किंवा 'वन्य' यांकडे जाईल.

शीर्षकातील सर्वनामाचीही एक गोष्ट आहे. प्रथमपुरुषी एकवचनासाठी इंडोनेशियनमध्ये मुख्यतः दोन शब्द आहेत. 'साया' हा सभ्य, चारचौघांत वापरायचा. 'आकू' हा जवळिकीचा, स्वतःशी बोलण्याचा, प्रसंगी उद्धट वाटणारा. 'साया' हा 'साहाया'चा संक्षेप, आणि 'साहाया' हा संस्कृत 'सहाय'. मलय भाषेत त्याचा अर्थ सेवक, दास असा झाला. म्हणजे सभ्य इंडोनेशियन माणूस स्वतःचा उल्लेख करतो तो व्युत्पत्तीने 'दास' म्हणून. परक्या सैन्याच्या अमलाखाली लिहिणाऱ्या कवीने 'आकू' निवडला यात दास्याचा नकार आहे, असे लिहिण्याचा मोह मला झाला होता. तो आवरला पाहिजे, कारण आत्ताच विश्वनाथाचा हवाला देऊन मी इतरांना जे करू नका म्हटले तेच येथे करीत होतो. रोज 'साया' म्हणणाऱ्याला त्यात दास दिसत नाही. 'आकू'तली धग सामाजिक शिष्टाचार झुगारण्याची आहे, आणि ती पुरेशी आहे. इंग्रजीत एकच 'आय' असल्याने तीही पोचत नाही, पण तो दोष कोणा भाषांतरकाराचा नव्हे.

आतापर्यंत शब्दांविषयी बोललो. अधिक खोलवरची अडचण व्याकरणात आहे. इंडोनेशियनमध्ये दोन नामे शेजारी ठेवली की संबंध तयार होतो. 'चा', 'सारखा', 'असलेला', 'आहे' यांपैकी कोणता, ते वाचकाने संदर्भावरून ठरवायचे. इंग्रजीला ही संदिग्धता सोसत नाही. तिला क्रियापद लागते, उपपद लागते, बऱ्याचदा लिंगही लागते. एका कुर्नियावान यांच्या २००४ मधील कादंबरीचे नाव आहे 'लेलाकी हारिमाउ' : पुरुष, वाघ. वाघपुरुष, वाघाचा माणूस, वाघ असलेला माणूस, हे सगळे त्यात बसते. विशेषण नामानंतर येते या नियमाने पाहिले तर सरळ इंग्रजी 'टायगर मॅन' असे झाले असते, आणि ते एखाद्या चित्रकथेतील नायकाचे नाव वाटले असते. लाबोदाली सेम्बिरिंग यांनी २०१५ मध्ये इंडोनेशियन क्रम तसाच ठेवून 'मॅन टायगर' असे नाव दिले. इंग्रजी कानाला ते खटकते, आणि ते खटकणे मला योग्य वाटते. त्या खटक्यामुळे दोन नामांतला संबंध अनिर्णीत राहतो, आणि कादंबरीचा सारा भार त्या अनिर्णीततेवरच आहे. मार्गिओ या तरुणाने एका माणसाला चावून मारले आहे. ते मी केले नाही, माझ्या शरीरात वाघ आहे, असे त्याचे म्हणणे आहे. आजोबांकडून त्याला आलेली ती पांढरी वाघीण रूपक आहे की वस्तुस्थिती? हे इंग्रजी समीक्षकाने 'जादुई वास्तववाद' म्हणून एका वाक्यात निकालात काढले तरी जावा-सुमात्रातल्या वाचकापुढे माणसाचा वाघ होण्याच्या लोकसमजुतींची मोठी परंपरा असते. त्याच्यासाठी ते रूपकही आहे आणि वदंताही. मोख्तार लुबिस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हारिमाउ! हारिमाउ!' या कादंबरीतही बाहेरचा वाघ आणि माणसातला वाघ असे दोन वाघ आहेत. इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात त्यांतला एकच उरला. द्विरुक्ती इंग्रजीला बालिश वाटते; 'वाघ! वाघ!' असे ओरडत येणारा माणूस मराठीला सहज ऐकू येतो.

पण मराठीने येथे फार खूश होऊ नये. 'लेलाकी हारिमाउ'ची घडण आपल्याला ओळखीची वाटते, कारण 'पुरुषव्याघ्र' हा शब्द हुबेहूब त्याच क्रमाने आपल्याकडे आहे. पाणिनीने व्याघ्र इत्यादी शब्दांशी होणाऱ्या अशा समासांसाठी स्वतंत्र सूत्रच दिले आहे. तरीही 'पुरुषव्याघ्र' हे त्या कादंबरीचे मराठी नाव होऊ शकत नाही. आपल्या शब्दातला वाघ स्तुतीच्या भाराखाली केव्हाच मेला. तेथे उरला आहे तो फक्त श्रेष्ठ पुरुष. मार्गिओच्या अंगातली तर मादी आहे आणि तिच्यात स्तुती करण्याजोगे काही नाही. रूपकाची बांधणी दोन्ही भाषांत तंतोतंत जुळते आणि तरीही भाषांतर चुकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. मघाच्या 'माकान हाती'त प्रतिमा जुळली होती. येथे समाससुद्धा जुळला.

कुर्नियावान यांच्याच २००२ मधील पहिल्या कादंबरीचे नाव 'चांतिक इतु लुका'. 'चांतिक' हे विशेषण : सुंदर. 'लुका' म्हणजे जखम. मधला 'इतु' म्हणजे 'ते', आणि येथे तो उद्देश्य आणि विधेय यांमध्ये नुसता एक विराम घालतो. 'आहे' असे कोणी म्हणत नाही. ॲनी टकर यांच्या २०१५ मधील भाषांतरात विशेषणाचे नाम झाले, 'आहे' आले, आणि जखमेला 'एक' हे उपपद लागले. मूळातली जखम मोजता न येणारी, पसरलेली आहे; इंग्रजीतली एक, मोजता येण्याजोगी. तरीही टकर यांची निवड विचारपूर्वक आहे असे माझे मत आहे. कादंबरीत सुंदर मुलींना कंटाळलेली देवी आयू आपल्या चौथ्या, कुरूप मुलीचे नाव 'चांतिक' ठेवते. इंग्रजीत ते 'ब्यूटी' असे विशेषनाम झाले, आणि त्यामुळे शीर्षकातही त्या मुलीचे नाव ऐकू येते. एक संदिग्धता गेली, दुसरी राखली. मराठीत 'सुंदर म्हणजे जखम' असे म्हणता येईल; आपला 'म्हणजे' त्या 'इतु'च्या बराच जवळ आहे, कारण तो 'आहे' इतका ठाम नाही. मुलीचे नाव मात्र मग 'सुंदर' ठेवावे लागेल, आणि ते मराठीत पुरुषाचे किंवा बैलाचे वाटेल.

प्रामुद्या अनंता तूर यांच्या संदर्भात रूपकाच्या भाषांतराला वेगळे वजन येते. १९६९ ते १९७९ या काळात ते बुरू बेटावर कैदेत होते. लिहिण्याची मुभा नव्हती तेव्हा त्यांनी कादंबरीचतुष्टयाची कथा सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. त्यातली पहिली 'बुमी मानुसिया' १९८० मध्ये निघाली आणि १९८१ मध्ये तिच्यावर बंदी आली. तिचे इंग्रजी भाषांतर करणारे मॅक्स लेन जाकार्तातील ऑस्ट्रेलियन दूतावासात अधिकारी होते. या कामामुळे त्यांना १९८१ मध्ये मायदेशी परत बोलावण्यात आले. अशा भाषांतरात शब्दाशब्दाचा हिशेब मागणे कृतघ्नपणाचे वाटते, तरी समीक्षेला तो मागावा लागतो. 'बुमी मानुसिया' म्हणजे भूमी आणि मनुष्य. दोन्ही शब्द आपलेच. लेन यांच्या शीर्षकात 'धिस' हे दर्शक सर्वनाम आले, आणि 'मानुसिया'साठी 'मॅनकाइंड' आले. ज्या कादंबरीचा नैतिक कणा न्याई ओन्तोसोरोह ही विकली गेलेली स्त्री आहे, तिच्या शीर्षकात पुरुषवाचक शब्द शिरावा हे खटकते. मूळ शब्दाला लिंग नाही.

चौथ्या भागाचे, १९८८ च्या 'रुमाह काचा'चे शीर्षक अधिक विचार करायला लावते. 'रुमाह' म्हणजे घर. 'काचा' ही आपली काच. वसाहतीच्या गुप्त पोलिसखात्यातील एतद्देशीय अधिकारी पांगेमानान जागृत होऊ पाहणाऱ्या आपल्याच देशबांधवांना जणू काचेच्या घरात ठेवून न्याहाळतो, त्यांच्या नस्त्या तयार करतो. इंग्रजी 'हाउस ऑफ ग्लास' हे शब्दशः बरोबर आहे. पण इंग्रजी वाचकाच्या कानात काचेच्या घरात राहून दगड फेकू नये ही म्हण आधीपासून वाजत असते (ती हिंदी चित्रपटांमार्गे आपल्याही कानांत शिरली आहे), आणि त्यामुळे काचेचा ठिसूळपणा पुढे येतो. मूळात जोर पारदर्शकतेवर आहे. शिवाय 'रुमाह काचा' हा रोपे वाढवण्याच्या काचघरासाठीचा रोजचा शब्द आहे. बाहेरून ऊब देऊन, बाहेरूनच नियंत्रण ठेवून वाढवायची प्रजा, ही वसाहतीची दुसरी प्रतिमा त्यात दडली आहे. आणि 'काचा'पासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ आरशात पाहणे. पाहणारा पांगेमानान हळूहळू स्वतःलाच पाहू लागतो, हे कादंबरीचे कथानक त्या एका शब्दात आधीच आहे. हे सगळे इंडोनेशियन वाचकाला एकदम दिसते असा माझा दावा नाही; पण पांगेमानानच्या कथनात हे अर्थ जागे व्हायला जागा आहे, आणि इंग्रजी शीर्षकाने ती जागा दगडांना दिली.

बुरूच्या दिवसांची टिपणे आणि न पाठवता आलेली पत्रे यांच्या संग्रहाचे नाव 'न्यान्यी सुन्यी सेओरांग बिसू' : एका मुक्याचे निःशब्द गाणे. विलेम सॅम्युएल्स यांच्या १९९९ च्या इंग्रजी भाषांतरात गाण्याचे स्वगत झाले. मुक्याने बोलावे हा विरोधाभास त्यांनी राखला, हे मान्य. मात्र 'न्यान्यी सुन्यी' हे अमीर हमझा यांच्या १९३७ मधील काव्यसंग्रहाचेही नाव आहे. सुमात्राच्या राजघराण्यातला हा भक्तिकवी १९४६ च्या उठावात मारला गेला. प्रामुद्यांसारख्या डाव्या लेखकाने कैदेतल्या लेखनाला त्याच्या संग्रहाचे नाव द्यावे आणि पुढे 'मुक्याचे' असे जोडावे, यातला अर्थ 'सॉलिलक्वी' या नाट्यगृहातल्या शब्दाने बंदच होतो. येथे रूपकाचा आधार दुसरी संहिता आहे, आणि अशा रूपकाला न्यूमार्क यांच्या सात रीतींपैकी एकही पुरी पडत नाही.

मराठी वाचक 'सुन्यी'त 'शून्य' पाहील. पाहावेच, पण जपून. 'चिंता'पासून आलेला 'चिंता' हाच शब्द इंडोनेशियनमध्ये प्रेमाला आहे, 'दोष'पासून पाप झाले, 'शास्त्रा'पासून साहित्य. या शब्दांची ओळख पटल्याचा आनंद आपला आहे. तो तिकडच्या कवीने दिलेला नाही. प्रेम ही चिंताच असते असा चमत्कार इंडोनेशियन कवितेत शोधून काढणारा मराठी भाषांतरकार पॅरिसमधल्या नर्तकीच्या प्रेक्षकांहून फार वेगळा नव्हे.

गुनावान मोहमद यांच्या 'चातातान पिंगीर' या सदराविषयी एवढेच, की 'पिंगीर' हा वहीचा समास आहे आणि रस्त्याची कडाही. जेनिफर लिंडसे यांच्या १९९४ मधील भाषांतराचे नाव 'साइडलाइन्स'. त्यात खेळाच्या मैदानाची कड आली. त्याच वर्षी हे सदर प्रसिद्ध करणारे 'टेम्पो' साप्ताहिक सरकारने बंद केले, आणि खेळाबाहेर बसवले जाण्याचा इंग्रजी अर्थ अनपेक्षितपणे लागू पडला. भाषांतराला कधी कधी इतिहासच मदत करतो.

शेवटी एक पाऊस. सापार्दी जोको दामोनो यांची 'हुजान बुलान जूनी', जून महिन्यातला पाऊस, ही १९८९ मधील कविता आणि त्याच नावाचा १९९४ मधील संग्रह इंडोनेशियात अमाप लोकप्रिय आहेत. पावसाच्या ठायी धीर, शहाणपण आणि मनातली ओढ उघड न करण्याचा संयम या कवितेने पाहिला. हे मानुषीकरण सहज भाषांतर होण्यासारखे आहे, आणि इंग्रजीत ते होतेही. अडचण महिन्याच्या नावात आहे. जावा बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तेथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि जून हा कोरड्या ऋतूचा महिना. जूनमध्ये पडणारा पाऊस हा वेळ चुकलेला, कोणी वाट न पाहिलेला पाऊस आहे. त्याने पडावे की नाही असा त्याचाच संकोच कवितेभर पसरला आहे. इंग्रजी वाचकाला जून म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, आणि त्यातला पाऊस नित्याचा. 'जून' हा शब्द तोच राहतो, ग्रेगोरियन पंचांग तेच राहते, आणि रूपक अलगद नाहीसे होते; भाषांतरात एकही शब्द चुकलेला नसतो.

मराठीत हे नुकसान आणखी उफराटे होते. आपल्याकडे जूनचा पाऊस म्हणजे मृगाचा पाऊस : वर्षभर वाट पाहिलेला, गाजावाजा करीत येणारा. 'जूनमधला पाऊस' असे लिहिताच मराठी वाचक त्या संकोची सरीच्या जागी मातीचा वास आणि पेरणीची लगबग घेऊन येईल. 'अवकाळी' म्हणावे, तर तो शब्द आंब्याचा मोहोर आणि कापून ठेवलेला हरभरा उद्ध्वस्त करून येतो. मार्गशीर्षातली हलकी सर म्हणावे, तर ऋतूचे गणित थोडेफार जुळते, पण कवितेतला महिना आणि तिचे शीर्षक दोन्ही हातची जातात, आणि जावाचे कोकण होते. मी स्वतः या कवितेवर बराच काळ अडलो. पुढे 'जून' तसाच ठेवला. वाचकाने आपला मृग घेऊन कवितेत शिरावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपाशी हा पाऊस इतका दबक्या पावलांनी का येतो आहे असा प्रश्न पडून थांबावे, एवढीच त्यात अपेक्षा होती. पहिल्या वाचकाने परत दिलेल्या हस्तलिखितावर 'जून'भोवती पेन्सिलीने वर्तुळ होते आणि समासात लिहिले होते : 'येथे मार्च हवे का?'